ह्याला काढा, त्याला आणा

मुंबई इंडियन्स लागोपाठ तीन सामने हरली की चाहत्यांच्या दोन मागण्या हमखास पुढे येतात: कप्तान बदला आणि गोलंदाज आणा. यातली पहिली मागणी भावनेची असते, दुसरी हिशेबाची. वाद रंगतो तो पहिलीवर. संघाचे नशीब मात्र बहुधा दुसरीने पालटले आहे.

आयपीएलमध्ये खेळाडू नव्या संघात येतो तो मुख्यतः तीन वाटांनी. संघाने मोकळा केला तर तो लिलावात जातो. हंगामात कोणी जखमी झाला तर त्याच्या जागी बदली खेळाडू येतो. तिसरी वाट ट्रेडची. यात दोन संघ लिलावाबाहेर परस्पर व्यवहार करतात, कधी खेळाडूच्या बदल्यात खेळाडू देऊन, कधी नुसत्या पैशावर. त्याला खेळाडूची संमती आणि बीसीसीआयची मंजुरी लागते. परस्पर बोलणी करण्याचा हक्क मात्र खेळाडूला नाही. रवींद्र जडेजाने ती केली म्हणून त्याला २०१०चा पूर्ण हंगाम बाहेर बसावे लागले.

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता फुटतो तो कसालला. तिथल्या तिठ्यावर गाडीची वाट बघणाऱ्यांना हे नियम फारसे समजावून सांगावे लागत नाहीत. एक तर या पट्ट्यात घरटी कोणी ना कोणी मुंबईत नोकरीला, त्यामुळे मुंबईचा संघ तो आपलाच. शिवाय सिंधुदुर्गातल्या गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांनाही आता प्रीमियर लीगचे रूप आले आहे. संघमालक ठरतात, पॉइंट वाटून दिले जातात आणि वाडीतल्या पोरांवर बोली लागते. एका फटकेबाजावर सगळे पॉइंट उधळले की पुढे गोलंदाज मिळत नाही, हे ज्याने गावच्या लिलावात पाहिले त्याला आयपीएलची ‘पर्स’ वेगळी शिकवावी लागत नाही. ‘आधी कप्तानाक बदला’ म्हणणाऱ्याला ‘पैसे खंयसून आणतलंस?’ असा सवाल तिथे लगेच येतो.

तोच सवाल नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्ससमोर होता. हार्दिक पंड्या मूळचा त्यांचाच. २०१५ मध्ये त्यांनी त्याला दहा लाखांत घेतले होते. पुढे तो गुजरात टायटन्सचा कर्णधार झाला, २०२२ मध्ये त्याने विजेतेपद पटकावले आणि पुढच्या वर्षी संघाला अंतिम फेरीत नेले. त्याला परत आणायचे तर वर्षाला १५ कोटी मोजावे लागणार होते. खेळाडू मोकळे केल्यानंतर मुंबईच्या पर्समध्ये उरले होते १५ कोटी २५ लाख. म्हणजे हार्दिक आला की हातात पंचवीस लाख, आणि लिलाव तोंडावर. तोड निघाली ती कॅमेरून ग्रीनच्या रूपाने. साडेसतरा कोटींचा हा ऑस्ट्रेलियन अष्टपैलू बंगळुरूला देण्यात आला आणि मुंबई पावणेअठरा कोटी घेऊन दुबईच्या लिलावात उतरली. गुजरातला हार्दिकच्या बदल्यात वेगळी किती रक्कम मिळाली हे जाहीर झाले नाही. असे शुल्क पर्समध्ये धरले जात नाही आणि ते गुपित ठेवण्याचीच रीत आहे.

आकड्यांच्या बाजूने हा व्यवहार मुळीच वेडगळ नव्हता. ठिणगी पडली ती १५ डिसेंबरला. पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या रोहित शर्माला बाजूला करून हार्दिकला कर्णधार नेमल्याचे त्या दिवशी जाहीर झाले. बोरिवलीत वाढलेला, मुंबईच्या मैदानांवर घडलेला रोहित हा चाहत्यांच्या लेखी संघाचा चेहरा होता. त्यांनी राग काढला तो हार्दिकवर. नेमणूक करणारे कार्यालयात होते, मैदानात उतरत होता तो एकटा. १ एप्रिल २०२४ रोजी राजस्थानविरुद्धच्या सामन्याच्या नाणेफेकीला वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. ‘जरा नीट वागा’ असे प्रेक्षकांना सांगण्याची वेळ समालोचक संजय मांजरेकरांवर आली.

त्या हंगामात मुंबईने चौदापैकी चारच सामने जिंकले आणि ती गुणतक्त्यात तळाला गेली. खापर कर्णधारावर फुटले, आणि हार्दिकच्या २१६ धावा पाहता काही अंशी ते रास्तही होते. खरे भगदाड मात्र गोलंदाजीत होते. हैदराबादने त्यांच्यासमोर २७७ धावांचा डोंगर उभा केला. जसप्रीत बुमराने २० बळी घेतले, पण त्याला जोड मिळेना. लिलावातले चौदा कोटींहून अधिक कोएत्झी, थुशारा आणि मदुशंका या तीन परदेशी वेगवान गोलंदाजांवर खर्ची पडले होते. त्यातला मदुशंका दुखापतीमुळे एकही सामना खेळला नाही. कप्तान कोणीही असता तरी चार षटके बुमराची आणि उरलेली सोळा नशिबाची, असाच प्रकार होता.

मुंबईला फळलेले ट्रेड पाहिले की ही बाजू अधिक स्पष्ट होते. २०१८च्या अखेरीस क्विंटन डी कॉक बंगळुरूकडून आला, २ कोटी ८० लाखांत. पुढच्या हंगामात त्याने ५२९ धावा केल्या आणि मुंबई जिंकली. २०१९ मध्ये ट्रेंट बोल्ट दिल्लीकडून आला. १० नोव्हेंबर २०२०च्या अंतिम सामन्यात समोर तीच दिल्ली होती. बोल्टने पहिल्याच चेंडूवर मार्कस स्टॉइनिसला तंबूत धाडले, एकूण तीन बळी घेतले आणि सामनावीराचा मान मिळवला. या दोन्ही व्यवहारांवर ना कोणी मोर्चे काढले ना जर्सी जाळल्या. नेमकी उणीव हेरून ती भरली गेली, एवढेच.

अमेरिकेच्या एनबीएत ट्रेडचा बाजार याहून कठोर आहे. तिथे बहुतेक बास्केटबॉलपटूंची संमतीच विचारली जात नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने आपला लाडका लुका डॉन्चिच लेकर्सला देऊन टाकला, तेव्हा घरच्या मैदानावर व्यवस्थापक निको हॅरिसन यांना काढण्याच्या घोषणा महिनोन्महिने घुमल्या. नोव्हेंबरात त्यांना खरोखरच काढण्यात आले. मात्र तिथे दुबळ्या संघाला एक आधार असतो. नव्या खेळाडूंच्या निवडीत तळच्या संघांना लवकर पाळी मिळण्याची संधी जास्त. आयपीएलमध्ये तशी सवलत नाही. तळाला गेलेला संघही लिलावात इतरांच्याच नियमांनी, त्याच खर्चमर्यादेत बसतो. त्यामुळे इथे चुकीची खरेदी अधिक महागात पडते.

चाहत्यांचा राग मात्र टिकाऊ नसतो. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे शेवटचे षटक हार्दिकने टाकले आणि भारत सात धावांनी जिंकला. पाचच दिवसांनी विजययात्रा वानखेडेवर पोहोचली, तेव्हा त्याच स्टेडियमात त्याच्याच नावाचा गजर झाला. मुंबईचे कर्णधारपद त्याच्याकडेच राहिले. बदलली ती गोलंदाजी. जेद्दाहच्या लिलावात बोल्टला साडेबारा आणि दीपक चहरला सव्वानऊ कोटींना घेण्यात आले. २०२५ मध्ये पहिल्या पाचपैकी चार सामने हरूनही मुंबईने पुढचे सलग सहा जिंकले. बोल्टने २२ बळी मिळवले आणि संघ दुसऱ्या क्वालिफायरपर्यंत गेला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा ट्रेड झाले. पालघरचा शार्दूल ठाकूर दोन कोटींत लखनौहून मुंबईकडे आला आणि अर्जुन तेंडुलकर तीस लाखांत लखनौला गेला. त्याच सुमारास जडेजाही चेन्नई सोडून राजस्थानला गेला. या वेळी रीतसर, दोन्ही संघांच्या सहीशिक्क्याने.