आधी पंखा बघू

मे महिन्यातली टळटळीत दुपार. कर्जत-खोपोली रस्त्यावर पळसदरीजवळ एका गॅरेजच्या पत्र्याखाली जुनी हॅचबॅक उभी आहे. मागच्या सीटवर काकू पदराने वारा घेतायत, मांडीवर स्वामी समर्थांच्या मठातल्या प्रसादाची पिशवी. काका डोंबिवलीहून गाडी चालवत आलेत आणि निदानही सोबतच घेऊन आलेत.

"एसीचा गॅस संपलाय. भरून दे बाबा, निघतो आम्ही."

मिस्त्री बॉनेट उघडतो. "चालत्या गाडीत गार लागतं का, काका?"

"नेरळच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला तेव्हा बरं होतं. बदलापूरच्या गर्दीत नुसती वाफ."

तिशीतला हा पोरगा मान डोलावतो. माझ्या मते अर्धं उत्तर त्याला इथेच मिळालंय, पण तो बोलत नाही. एसी लावून कान देऊन उभा राहतो. तेवढ्यात वरच्या रुळांवरून घाटाकडे गाडी निघते, मागून ढकलणाऱ्या बँकर इंजिनांचा घरघराट पत्र्यात भरतो. मिस्त्री थांबतो. गाडी गेल्यावर एसीचं बटण बंद करून पुन्हा दाबतो. टक्. कॉम्प्रेसरचा क्लच लागला.

"कॉम्प्रेसर घेतोय. पंखा कुठाय?"

वाकून बघतो. रेडिएटरचा पंखा फिरतोय, त्याच्या शेजारचा, एसीचा गॅस गार करणाऱ्या कंडेन्सरचा, ढिम्म. एसी लावला की तो फिरायलाच हवा. भरधाव गाडीत समोरचा वारा त्याचं काम करतो, गाडी थांबली की ते काम करणारं कोणी उरत नाही.

काका अजून गॅसवरच आहेत. मिस्त्री वाद न घालता इंजिन बंद करतो आणि गेज जोडतो: निळा पाइप लो साइडला, लाल हाय साइडला. काही मिनिटांनी दोन्ही काटे ११० पीएसआयच्या आसपास येऊन थांबतात.

"बघा, आहे की गॅस," मीच बोलून जातो.

"आहे. पण किती, ते बंद गाडीत कळत नाही." खरंय त्याचं. आत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असला तरी बंद गाडीतला दाब ठरतो तो उन्हाच्या तापमानावर. काटा बघून 'फुल' म्हणणारे आणि काटा बघून 'कमी' म्हणणारे, दोघेही अशा वेळी अंदाजच करत असतात.

इंजिन चालू. निळा काटा ६० वर. लाल ३०० ओलांडून चढतोच आहे. गॅस कमी असता तर दोन्ही काटे खाली बसले असते. इथे आणखी गॅस मारला तर लाल काटा अजून चढेल आणि कॉम्प्रेसरच्या जिवावर बेतेल. मिस्त्री बादलीतलं पाणी मगाने कंडेन्सरवर ओततो. लाल काटा सरसर २०० वर उतरतो, निळा ३५ वर, आणि मागून काकूंचा आवाज येतो, "अहो, गार आलं!"

मग टेस्ट लॅम्प. पंख्याच्या सॉकेटला लावला तर पेटतो; म्हणजे फ्यूज, रिले, वायर ठीक. बॅटरीवरून थेट दोन वायरी दिल्या तर पंखा एकदा थरथरतो आणि गप्प होतो. मोटर गेली. एक पोरगा मोटरसायकलवर कर्जतला पिटाळला जातो.

तोवर सफाई. कंडेन्सरच्या जाळीत चिखल, भाताचा भुसा, मेलेले किडे यांचा थर आहे. प्रेशरचं पाणी नको, पत्र्याच्या पात्या वाकतात. मिस्त्री साध्या नळीने इंजिनच्या बाजूने पुढे पाणी सोडतो, आलेली घाण आल्या वाटेने परत जावी म्हणून. मातकट पाणी उतारावरून तळ्याच्या दिशेने ओघळतं. ते तळं इंग्रजांच्या काळात रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं. तापलेल्या यंत्राला पाणी पाजायची सवय या गावाला जुनीच म्हणायची.

बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचं नाव 'आर-१३४ए' एवढंच वाचता येतंय, किती ग्रॅम तो आकडा पुसलाय. ओझोनच्या थराला खाणारा आर-१२ हा जुना गॅस १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर हळूहळू गेला, त्याच्या जागी हा आला. ओझोनला त्याचा त्रास नाही. पण हवेत सुटलेला एक किलो, शंभर वर्षांच्या हिशेबात, सुमारे १४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणून २०१६ च्या किगाली करारात त्यालाही कात्री लागली, भारताने २०२१ मध्ये त्या कराराला मंजुरी दिली. गळती न शोधता दर उन्हाळ्यात 'टॉप-अप' मारणारी गॅरेजं मला त्यामुळेच खटकतात. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला तर कुठूनतरी गळालाय. मिस्त्रीने जोडांवर बोट फिरवून पाहिलंय, तेलाचा डाग कुठेच नाही.

मोटर येते, बसते, पंखा घोंगावतो. जागेवर उभ्या गाडीत लाल काटा २१० च्या वर जात नाही. आत एसीच्या झरोक्यासमोर धरलेला थर्मामीटर बघता बघता १० अंशांवर येतो. काकूंनी काचा वर केल्यात.

"मोटर आणि मजुरी, बस," मिस्त्री म्हणतो आणि गेजचे पाइप सोडवायला लागतो.

काका पाकीट काढतात, नोटा मोजतात, जरा घुटमळतात. "बाळा, एवढं केलंसच आहे, तर थोडा गॅसपण मारून टाक ना."