पातळ कवचाचे पराग
परभणी जिल्ह्यातल्या मळ्यांतली हळद आणि केळी, अंगणातली कर्दळ या सगळ्या एकाच गणातल्या. आलं तर हळदीच्याच कुळातलं. बहुतेक वनस्पतींच्या परागकणाचं बाहेरचं कवच इतकं चिवट असतं, की ते तीव्र आम्लातही तग धरतं आणि गाळात लाखो वर्षं टिकतं. या गणात मात्र ते नावापुरतंच. आतला थर तेवढा जाड. नवलाची गोष्ट म्हणजे परागनलिकेला बाहेर पडायला ठरावीक छिद्रही बहुधा नसतं. कर्दळीचा कण सूक्ष्मदर्शकाखाली गोल, बारीक काटेरी दिसतो. कवचच तकलादू, म्हणून या गणाचे जीवाश्म पराग दुर्मीळ. लागवडीच्या हळदीत सहसा गुणसूत्रांचे तीन संच, एकूण ६३ गुणसूत्रं; त्यामुळे बी क्वचितच धरतं आणि शेतकरी बेणं म्हणून गड्डेच लावतात.