न वाहिलेला वारा

बंगळूरजवळ देवनहळ्ळी येथे 2008 साली नवा विमानतळ सुरू झाला. अशा ठिकाणी धावपट्टीलगतची उपकरणे वाऱ्याची दिशा व वेग सतत मोजीत असतात. हे आकडे संगणकात प्रथम येतात ते ‘ड्रायव्हर’कडे. ही आज्ञावली कर्नलमध्ये, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यात, वावरते. पडद्यावर आकडे दाखविणाऱ्या आज्ञावलीला तेथे मज्जाव असतो. तिने दरवेळी मागावे व कर्नलने नक्कल करून द्यावी, ही जुनी रीत. परंतु नोंदी सेकंदाला हजारो असल्या (वाऱ्याच्या तितक्या नसतात, रडारच्या असू शकतात), तर नकला करण्यातच वेळ जातो. म्हणून स्मृतीचे एकच पान दोघांत सामाईक ठेवतात: ड्रायव्हरने लिहावे, दुसरीने केवळ वाचावे.

मात्र दिशा नवी लिहिली गेली, वेग जुनाच आहे, आणि नेमके तेव्हाच वाचन झाले, तर? वैमानिकाला कळविला जाईल तो वारा देवनहळ्ळीत कधी वाहिलेलाच नसेल. यासाठी पानावर एक क्रमांक ठेवतात. लिहू लागताना ड्रायव्हर तो एकाने वाढवून विषम करतो, लिहून होताच पुन्हा वाढवून सम. वाचणारी आज्ञावली आधी व नंतर क्रमांक पाहते. तो विषम असला किंवा मध्येच बदलला, तर वाचलेले टाकून पुन्हा वाचते. लिहिणाऱ्याला तिच्यासाठी थांबावे लागत नाही. लिनक्स कार्यप्रणालीत घड्याळाची वेळ याच युक्तीने पुरविली जाते. ती पाहण्यासाठी बहुधा कर्नलचे दार ठोठवावेच लागत नाही.