तक्रार, संशय आणि पटावरचे इमान

१९९७ साली न्यूयॉर्क येथे ‘डीप ब्लू’ या संगणकाने गॅरी कास्पारोव्ह या तत्कालीन विश्वविजेत्याला सहा डावांच्या सामन्यात नमविले, त्या वेळी त्या यंत्राचा पसारा दोन भल्यामोठ्या कपाटांएवढा होता आणि ते चालविण्यासाठी एका बलाढ्य कंपनीचे अभियंते राबत होते. आज त्याहून कितीतरी बलवान असलेले ‘स्टॉकफिश’ नावाचे इंजिन, म्हणजे बुद्धिबळाच्या खेळ्या शोधणारी संगणक-प्रणाली, कोणत्याही शाळकरी मुलाला आपल्या मोबाइलवर विनामूल्य उतरवून घेता येते, आणि विश्वविजेताही त्याच्यापुढे टिकाव धरू शकत नाही. या एका वस्तुस्थितीमुळे ऑनलाइन बुद्धिबळाचे स्वरूप समोरासमोरच्या खेळाहून निराळे झाले आहे. कारण प्रतिस्पर्धी कोठे बसला आहे, त्याच्या शेजारी कोण उभे आहे आणि दुसऱ्या पडद्यावर काय चालले आहे, हे पाहण्याचा कोणताही मार्ग खेळणाऱ्याला उपलब्ध नसतो. चेस डॉट कॉम आणि लिचेस या दोन्ही प्रमुख संकेतस्थळांनी म्हणूनच संशयास्पद खेळाची तक्रार नोंदविण्याची सोय प्रत्येक खेळाडूच्या हाती दिली आहे. पुष्कळ प्रामाणिक खेळाडू ती वापरीत नाहीत, आणि ज्या समजुतींमुळे वापरीत नाहीत त्या बहुतांशी चुकीच्या आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हरल्यानंतर तक्रार करणे खिलाडू वृत्तीला शोभत नाही, ही भावना आपल्याकडे दृढ आहे, आणि तिचा उगम चांगल्या संस्कारांत आहे हे मान्य केले पाहिजे. पराभव निमूटपणे स्वीकारावा, हस्तांदोलन करावे आणि आपली चूक कोठे झाली ते शोधावे, असे मुलांना शिकविले जाते ते योग्यच. परंतु तक्रार नोंदविणाऱ्याने प्रतिस्पर्ध्याला दोषी ठरविलेले नसते. हा डाव तपासून पाहावा, एवढी विनंती त्याने त्या कामासाठी नेमलेल्या माणसांकडे केलेली असते. तक्रारदाराचे नाव प्रतिस्पर्ध्याला कळविले जात नाही, आणि तपासात गैर काही आढळले नाही तर तो प्रतिस्पर्धी पूर्ववत खेळत राहतो. गैरप्रकाराची खात्री पटल्यास मात्र त्या खात्यावर कारवाई होते आणि अलीकडच्या डावांत त्याच्याकडून हरलेल्या खेळाडूंना गमावलेले मानांकनाचे गुण परत दिले जातात. ज्यांनी काहीही न बोलता पराभव गिळला, त्या अनोळखी माणसांनाही ते मिळतात.

दुसरी समजूत अशी की, हे सारे यंत्र आपोआप पकडतेच, मग सामान्य खेळाडूने त्यात पडावे कशाला? यांत्रिक तपासणी अस्तित्वात आहे, यात शंका नाही. लिचेसने ‘आयर्विन’ आणि ‘कलादिन’ या नावांच्या अशा दोन प्रणाली बनविल्या असून त्यांची संगणकीय संहिताही सर्वांना पाहण्यास खुली ठेवली आहे. पण रोज खेळल्या जाणाऱ्या लक्षावधी डावांतील प्रत्येक डावाची सखोल छाननी करणे हे अतिशय खर्चिक काम आहे, आणि जो लबाड खेळाडू संपूर्ण डाव इंजिनाच्या सांगण्यावरून न खेळता ऐन मोक्याच्या दोन-तीन खेळ्यांपुरतेच त्याचे साहाय्य घेतो, त्याचा माग एखाद-दुसऱ्या डावावरून लागणे फार कठीण असते. अशा वेळी कोणते खाते आधी उघडून पाहावे, हे ठरविण्यास तक्रारींचा मोठा उपयोग होतो. समोर बसलेल्या खेळाडूने एक गोष्ट प्रत्यक्ष अनुभवलेली असते: मारलेल्या प्याद्याच्या बदल्यात प्यादे मारण्याच्या उघड खेळीलाही प्रतिस्पर्ध्याने आठ सेकंद घेतले, आणि हत्तीचे खोल बलिदान करतानाही आठच सेकंद घेतले. विचार करणाऱ्या माणसाचा वेळ असा एका मापाने खर्च होत नाही.

येथवर तक्रार न करणाऱ्यांविषयी लिहिले. परंतु चुकीच्या कारणासाठी तक्रार करणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांचा सर्वांत मोठा गैरसमज त्या ‘अचूकते’च्या टक्केवारीभोवती घोटाळत असतो. डाव संपल्यावर संकेतस्थळ दोन्ही खेळाडूंच्या खेळ्या इंजिनाच्या पसंतीशी ताडून पाहते आणि एक आकडा देते. तो अठ्ठ्याण्णव दिसला की, हरलेला खेळाडू समोरच्याला चोर ठरवून मोकळा होतो. वास्तविक हा आकडा तापमापकातील पाऱ्यासारखा आहे. तो कशाने चढला, हे त्याला स्वतःला सांगता येत नाही. डाव वीस खेळ्यांत संपला असेल आणि त्यातील पहिल्या बारा खेळ्या पाठ केलेल्या प्रारंभातील असतील, किंवा आपणच वजीर फुकट गमावल्यामुळे पुढची प्रत्येक खेळी समोरच्याला सहज दिसणारी असेल, किंवा शहांच्या माऱ्याखाली त्याला एकच वैध खेळी शिल्लक राहत असेल, तर बाराशे मानांकनाचा खेळाडूही अत्यंत अचूक ठरू शकतो. म्हणूनच तपासणारे एका डावावर विसंबत नाहीत. अमेरिकेतील बफेलो विद्यापीठातील संगणकशास्त्राचे प्राध्यापक आणि स्वतः इंटरनॅशनल मास्टर असलेले केनेथ रेगन यांनी जी संख्याशास्त्रीय पद्धत विकसित केली, तिचा आधारच हा की, अमुक मानांकनाच्या खेळाडूकडून अशा स्थितींत इंजिनाशी जुळणाऱ्या किती खेळ्या अपेक्षित आहेत हे आधी काढावे, आणि अनेक डावांत प्रत्यक्ष खेळ त्या अपेक्षेपासून किती दूर गेला, हे मोजावे. जे अंतर योगायोगाने पडणे जवळजवळ अशक्य, तेथेच संशयाला बळ येते. तक्रार करण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याचे आधीचे चार-सहा डाव उघडून पाहावेत, असे मी आग्रहाने सुचवितो. पुष्कळदा तेवढ्यानेच मनातील शंका फिटते.

पैसा नाही, मानांकन नाही, तेथे लबाडी कोण कशाला करील, असेही म्हटले जाते. जून २०२१ मध्ये कोविडग्रस्तांच्या मदतीसाठी विश्वनाथन आनंद याने अनेक नामवंतांशी एकाच वेळी ऑनलाइन खेळण्याचा कार्यक्रम झाला, त्यात उद्योजक निखिल कामत यांनी पाच वेळच्या या विश्वविजेत्याला हरविले आणि दुसऱ्याच दिवशी, आपण डाव पाहणाऱ्या जाणकारांची व संगणकाची मदत घेतली, अशी जाहीर कबुली दिली. उलट, ग्रँडमास्टर झालेल्यांना असल्या मदतीची गरजच काय, या समजुतीला २०२० च्या ‘प्रो चेस लीग’ या ऑनलाइन सांघिक स्पर्धेने उत्तर दिले आहे: आर्मेनियाचा ग्रँडमास्टर तिग्रान एल. पेत्रोसियान याच्या खेळाची तपासणी झाल्यावर अंतिम सामना जिंकलेला आर्मेनिया ईगल्सचा संघ बाद करण्यात आला आणि विजेतेपद सेंट लुईसच्या संघाकडे गेले. मोह पडण्यासाठी बक्षीस लागत नाही, आणि मोठ्या पदवीमुळे मोहाला प्रतिबंधही होत नाही.

परंतु या संपूर्ण विषयात सर्वाधिक अनर्थ ज्या समजुतीने केला, ती ही की, गुपचूप तक्रार करण्यापेक्षा चारचौघांत नाव घेणे अधिक धैर्याचे व परिणामकारक असते. सप्टेंबर २०२२ मध्ये सेंट लुईस येथील सिंकफील्ड चषक स्पर्धेत हान्स नीमन या तरुण अमेरिकन ग्रँडमास्टरकडून हरल्यानंतर तत्कालीन विश्वविजेत्या मॅग्नस कार्लसनने स्पर्धा मध्येच सोडली, पुढे एका ऑनलाइन डावात त्याच्याविरुद्ध एकच खेळी करून डाव सोडून दिला, आणि जगभर तर्ककुतर्कांचे काहूर माजले. नीमनने लहानपणी ऑनलाइन डावांत लबाडी केल्याचे स्वतःच कबूल केले होते, आणि चेस डॉट कॉमच्या बहात्तर पानी अहवालाने असे डाव शंभराहून अधिक असण्याची शक्यता वर्तविली; परंतु प्रत्यक्ष पटावर त्याने लबाडी केल्याचा पुरावा त्या अहवालातही नव्हता. प्रकरण दहा कोटी डॉलरच्या दाव्यापर्यंत गेले, २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपसांत मिटले, आणि वर्षअखेरीस जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नीतिविषयक आयोगाने, सबळ कारणाशिवाय स्पर्धा सोडल्याबद्दल कार्लसनला दहा हजार युरोंचा दंड केला. ज्याच्या शब्दाला सर्वाधिक वजन, त्याच्याही संशयाचा निवाडा अशा मार्गाने होऊ शकला नाही.

त्याहून क्लेशदायक उदाहरण डॅनियल नारोडित्स्कीचे आहे. हजारो लोकांना प्रेमाने बुद्धिबळ शिकविणाऱ्या या अमेरिकन ग्रँडमास्टरवर माजी विश्वविजेता व्लादिमिर क्रामनिक सुमारे वर्षभर जाहीररीत्या संशय घेत राहिला, आणि नारोडित्स्की तो सातत्याने नाकारीत राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. त्या मृत्यूशी या आरोपांचा संबंध जोडण्याचा अधिकार कोणाला नाही; परंतु त्या संशयाचे ओझे आपल्यावर किती आहे, हे त्याने शेवटच्या प्रक्षेपणात बोलून दाखविले होते. पुढे जागतिक संघटनेने क्रामनिकच्या वर्तनाचे प्रकरण नीतिविषयक आयोगापुढे नेले. दोन्ही संकेतस्थळांनी उघड आरोप करण्यास मज्जाव केला आहे तो गुन्हेगारांना पाठीशी घालण्यासाठी, असे अनेकांना वाटते. मला तो निरपराध्यांच्या अब्रूचे रक्षण करणारा सर्वांत आवश्यक नियम वाटतो.

काही गोष्टी लबाडी नसतात, तर काही असूनही तशा वाटत नाहीत. जोडणी तुटणे ही लबाडी नव्हे. ऑगस्ट २०२० मध्ये ऑनलाइन ऑलिम्पियाडच्या अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख आणि निहाल सरीन या आपल्याच खेळाडूंची जोडणी इंटरनेटच्या बिघाडामुळे तुटली होती, आणि शेवटी भारत व रशिया यांना संयुक्त विजेतेपद देण्यात आले. एका खेळीला दिवस-दिवस मिळणाऱ्या डावात प्रारंभाची पुस्तके पाहण्यास दोन्ही संकेतस्थळांवर मुभा आहे. इंजिनाला मात्र तेथेही मनाई आहे. दुबळ्यांशी गाठ पडावी म्हणून मुद्दाम हरून मानांकन उतरविणे, किंवा आपल्या खात्यावर जाणत्या मित्राला खेळावयास बसविणे, हे मात्र नियमभंगच आहेत, आणि त्यांचीही तक्रार करता येते.

तक्रारीसाठी पुरावा हाती असणे आवश्यक नसते. डाव संपल्यानंतर, मन निवल्यावर, प्रतिस्पर्ध्याच्या खात्यावरील तक्रारीचा पर्याय निवडावा, त्या डावाचा दुवा जोडावा आणि कोणत्या खेळीपासून काय खटकले ते दोन-तीन वाक्यांत लिहावे. विशेषणांनी तपासाला काडीचेही साहाय्य होत नाही, आणि रागाच्या भरात दहा जणांकडून तक्रारी करवून घेतल्यानेही निकाल बदलत नाही, कारण खात्यावर कारवाई होते ती खेळाच्या तपासणीवरून. बंद झालेल्या खात्याच्या मालकाला दाद मागता येते, आणि चेस डॉट कॉमने चूक कबूल करणाऱ्या अनेकांना नव्या खात्यावर पुन्हा खेळू दिले आहे. शाळकरी मुलांच्या बाबतीत ही तरतूद मला फार मोलाची वाटते; बारा वर्षांच्या मुलाची लबाडी वेळीच नजरेस आणून देणारा अनोळखी प्रतिस्पर्धी त्याचे अहित करीत नाही, हे त्याच्या आईवडिलांनी आणि प्रशिक्षकांनी ध्यानात ठेवावे, आणि मूल चूक कबूल करीत असेल तर त्याला दाद मागणारा तो पहिला अर्ज स्वतः लिहावयास लावावा.