९९.३ टक्के की ६० टक्के? सार्वजनिक छळावर संशोधन करताना नेमकं काय मोजायचं

पीएच.डी.साठी विषय शोधताना तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या वहीत असा एखादा टॉपिक असतो: 'परंपरावादी समाजातील स्त्रियांविषयीचा दृष्टिकोन आणि सार्वजनिक ठिकाणी होणारा छळ'. विषय महत्त्वाचा आहे, यात वादच नाही. पण सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिल्याच पानावर गाडी अडते. दृष्टिकोन म्हणजे काय? छळ म्हणजे काय? आणि 'परंपरावादी' कुणाला म्हणायचं? या लेखात आपण इजिप्तचं उदाहरण घेऊन हे तीन प्रश्न सोडवायचा प्रयत्न करू. इजिप्तच का? कारण या विषयावर तिथे गेल्या पंधरा-वीस वर्षांत भरपूर काम झालंय आणि त्या कामातल्या खाचाखोचा आपल्याला फार उपयोगी पडतात.

आधी दोन आकडे बघा. २०१३ साली यूएन विमेनच्या एका अभ्यासात सहभागी स्त्रियांपैकी ९९.३ टक्के जणींनी कधी ना कधी लैंगिक छळ अनुभवल्याचं सांगितलं. २०१७ साली प्रोमुंडो आणि यूएन विमेन यांनी मिळून इजिप्त, लेबनॉन, मोरोक्को आणि पॅलेस्टाईनमध्ये केलेल्या 'इमेजेस' या सर्वेक्षणात इजिप्तमधल्या स्त्रियांचा आकडा आला साधारण ६० टक्के. मग चार वर्षांत छळ चाळीस टक्क्यांनी कमी झाला का? अजिबात नाही. दोन्ही अभ्यासांचे वयोगट वेगळे, प्रांतांची निवड वेगळी, विचारण्याची पद्धत वेगळी. हे आकडे शेजारी ठेवून तुलना करणारा परिच्छेद लिहिलात, तर व्हायवात पहिला प्रश्न तिथेच येणार.

शब्द आधी, आकडा नंतर

इजिप्तच्या बोलीत रस्त्यावरच्या या प्रकाराला अनेक वर्षं 'मुआकसा' म्हणायचे. म्हणजे थट्टा, खोडी, छेड. त्या शब्दात गुन्हा नाही, गंमत आहे. तिथल्या स्त्री संघटनांनी आग्रहानं 'तहर्रुश' हा शब्द रुजवला, त्यात छळाचा अर्थ स्पष्ट आहे. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता. २००८ साली नोहा रुश्दी या तरुणीनं कैरोच्या रस्त्यात अंगाला हात घालणाऱ्या वाहनचालकाला धरून पोलिसांपर्यंत नेलं आणि त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. पण तेव्हा कायद्यात लैंगिक छळ अशी वेगळी व्याख्याच नव्हती. खटला चालला तो 'हतक अर्द' या कलमाखाली. त्याचा शब्दशः अर्थ अब्रू फाडणं. लैंगिक छळाला कायद्यात स्वतंत्र व्याख्या आणि किमान सहा महिन्यांची शिक्षा मिळाली ती २०१४ मध्ये. २०२१ मध्ये ती आणखी कडक झाली.

आता हाच मुद्दा मराठीत आणून बघा. आपल्याकडे बातमीत काय येतं? 'विनयभंगाचा गुन्हा दाखल.' आणि बोलताना आपण काय म्हणतो? 'छेड काढली.' पहिल्या शब्दात स्त्रीचा विनय मोडला, म्हणजे लक्ष पुन्हा तिच्याच अब्रूवर. दुसऱ्या शब्दात कुणीतरी वात्रटपणा केला, एवढंच. इंग्रजी वर्तमानपत्रांतून आलेला 'ईव्ह टीझिंग' हाही त्याच पंगतीतला. भारतीय दंडसंहितेत २०१३ साली ३५४-अ हे कलम आलं, तेव्हा लैंगिक छळ हा कायद्याचा शब्द झाला (आता ते भारतीय न्याय संहितेत कलम ७५ आहे). पण तुमची प्रश्नावली भरणारी बाई कायद्याच्या भाषेत विचार करत नाही.

म्हणून 'तुमचा कधी लैंगिक छळ झाला आहे का? हो/नाही' असा प्रश्न टाकू नका. रोज बसमध्ये कोपर खाणारी मुलगी इथे प्रामाणिकपणे 'नाही' वर खूण करेल. तिच्या लेखी लैंगिक छळ म्हणजे काहीतरी फार मोठं, पेपरात येणारं. 'विनयभंग' लिहिलंत तर ती पोलीस केस समजेल, 'छेडछाड' लिहिलंत तर कॉलेजच्या कट्ट्यावरची मस्करी. त्याऐवजी कृती विचारा: गेल्या बारा महिन्यांत रस्त्यावर, बसमध्ये किंवा रिक्षात अनोळखी व्यक्तीनं तुमच्याकडे रोखून बघितलं का? शिट्टी मारली का? शरीरावरून शेरा मारला का? पाठलाग केला का? मुद्दाम अंगाला स्पर्श केला का? प्रत्येक कृतीला वेगळा प्रश्न आणि प्रत्येकाला ठरलेला कालावधी.

तीन थर वेगळे करा

आता दृष्टिकोनाकडे येऊ. संशोधन पद्धतीच्या पुस्तकांत याला 'अभिवृत्ती' म्हणतात. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत टाकतो: माणूस काय करतो, त्याला स्वतःला काय वाटतं, आणि इतरांना काय वाटतं असं तो समजतो.

पहिला थर वर्तनाचा. इमेजेसमध्ये इजिप्तच्या ६४ टक्के पुरुषांनी आपण कधी तरी स्त्रियांचा छळ केल्याचं मान्य केलं. एवढे पुरुष एवढं उघड कसं बोलले? कारण विचारल्यावर बहुतेकांचं उत्तर होतं, मजा म्हणून. म्हणजे करणाऱ्याच्या डोक्यात अजूनही 'मुआकसा'च आहे. लाज वाटत नसेल तर माणूस लपवत नाही. तुमच्या सर्व्हेत पुरुष सहज कबूल करत असतील, तर तो प्रामाणिकपणाचा पुरावा समजण्याआधी हा पर्याय तपासा.

दुसरा थर स्वतःच्या मताचा. 'उत्तेजक कपडे घालणाऱ्या स्त्रियांचा छळ होणं योग्यच आहे' अशा अर्थाच्या विधानाला इजिप्तच्या सुमारे तीन-चतुर्थांश पुरुषांनी होकार दिला आणि स्त्रियांपैकी ८४ टक्क्यांनी. हो, स्त्रियांचं प्रमाण जास्त. इथे घाईघाईनं 'बायकाच बायकांच्या शत्रू' असं वाक्य लिहून मोकळं होऊ नका. समाजशास्त्रज्ञ डेनिझ कांडियोटी यांनी १९८८ साली 'पितृसत्तेशी सौदा' ही कल्पना मांडली: स्त्रिया ज्या व्यवस्थेत जगतात, तिच्याच नियमांच्या आत राहून सुरक्षितता आणि मान मिळवण्याचे मार्ग काढतात. या चष्म्यातून बघितलं तर त्या होकाराचा एक अर्थ असाही निघतो: 'तसं त्यांच्या बाबतीत होतं, मी तशी नाही, म्हणून मी वाचेन.' शिवाय त्या विधानातला 'उत्तेजक' हा शब्द किती सैल आहे ते बघा. प्रत्येक उत्तर देणारीच्या डोळ्यांसमोर वेगळा पोशाख उभा राहणार. असं एकच विधान टाकून आख्ख्या समाजाची अभिवृत्ती मोजली म्हणणं धाडसाचं आहे.

तिसरा थर सामाजिक संकेताचा, आणि तो नेहमी सुटतो. यावर सर्वांत बोलकं काम सौदी अरेबियातलं आहे, आणि ते छळावर नसून स्त्रियांच्या नोकरीवर आहे. लिओनार्दो बर्स्टिन आणि सहकाऱ्यांनी रियाधमधल्या तरुण विवाहित पुरुषांना विचारलं: स्त्रियांनी घराबाहेर काम करावं का? बहुसंख्य पुरुषांचं खासगी मत 'हो' असं होतं. पण 'तुमच्यासारख्या इतर पुरुषांना काय वाटत असेल?' यावर त्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच कमी निघाला. म्हणजे प्रत्येकाला वाटत होतं, मीच जरा वेगळा आहे. ज्यांना खरा आकडा सांगितला गेला, त्यांनी आपल्या पत्नीचं नाव नोकरी शोधून देणाऱ्या सेवेत नोंदवण्याचं प्रमाण वाढलं. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी धडा असा: बाहेरून 'परंपरावादी' दिसणारा समाज आतून किती परंपरावादी आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. बसमध्ये कुणीच मध्ये पडत नाही, तेव्हा सगळ्यांना ते मान्य असतं की प्रत्येकाला वाटतं बाकीच्यांना मान्य आहे? तुमच्या प्रश्नावलीत दोन्ही प्रश्न हवेत.

सोप्या कारणांपासून सावध

'शिक्षण कमी म्हणून', 'बेकारी आणि उशिरा होणारी लग्नं म्हणून', 'कपड्यांमुळे'. इजिप्तमध्येही हीच कारणं वर्षानुवर्षं चघळली गेली. इमेजेसमध्ये मात्र माध्यमिक शिक्षण घेतलेल्या तरुणांनी छळ केल्याचं सांगण्याची शक्यता कमी शिकलेल्या वयस्कर पुरुषांपेक्षा जास्त दिसली. लग्न झालेले पुरुष आणि शाळकरी मुलंही हे करतात, मग उशिरा लग्नाचं कारण किती पुरतं?

कपड्यांचा मुद्दा खोडताना आपलीच बाजू घसरते. 'छळ झालेल्यांत बहुसंख्य हिजाब घालणाऱ्या होत्या, म्हणजे कपड्यांचा संबंध नाही', असं वाक्य तुम्ही वाचलं असेल. निष्कर्ष मनाला पटतो, पण तर्क अपुरा आहे. ज्या देशात बहुसंख्य स्त्रिया डोकं झाकतात, तिथे छळ झालेल्यांतही त्याच बहुसंख्य असणार. तुलना करायची ती हिजाब घालणाऱ्यांपैकी किती जणींचा छळ झाला आणि न घालणाऱ्यांपैकी किती जणींचा, अशी.

तसंच नकाशांचं. २०१० साली कैरोत सुरू झालेल्या 'हॅरासमॅप'वर स्त्रिया एसएमएसनं घटना कळवत आणि त्या नकाशावर दिसत. त्यामुळे लोक या विषयावर बोलू लागले. संस्थेचे स्वयंसेवक गल्लीतले टपरीवाले, दुकानदार, इमारतींचे रखवालदार यांच्याशी जाऊन बोलले. पण असा नकाशा तक्रार कुठून आली ते सांगतो. जिथे एकही टिंब नाही ती जागा सुरक्षित असेल, किंवा तिथल्या मुलीच्या हातात फोनच नसेल.

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहाल?

'परंपरावादी समाज' हे शीर्षकात ठेवा हवं तर, पण चल म्हणून वापरू नका. त्याचे मोजता येतील असे तुकडे करा: स्त्रीला कारणाशिवाय बाहेर थांबता येतं का, निर्णय कोण घेतं, बदनामीची भीती किती. मुंबईवरच्या 'व्हाय लॉयटर?' या २०११ च्या पुस्तकात शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी नेमकं हेच पकडलंय: स्त्रीला सार्वजनिक जागेत असण्यासाठी काहीतरी काम असल्याचं दाखवावं लागतं. हा प्रश्न कैरोतही विचारता येतो आणि कराडमध्येही.

दुसरं, पूर्वचाचणी कराच. दहा-पंधरा जणींना प्रश्नावली देऊन 'या शब्दाचा तुम्हाला काय अर्थ लागला?' एवढंच विचारा. आणि मुलाखत एकांतात घ्या. सासू किंवा भाऊ शेजारी बसलेला असताना मिळालेलं 'नाही' हे उत्तर डेटा नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्या प्रश्नामुळे एखाद्या मुलीचं कॉलेज बंद होऊ शकतं. 'असं होतं तर जाऊच नको' हे वाक्य किती घरांत तयार असतं, ते तुम्हाला माहीत आहे. घरच्यांच्या हाती कागद पडेल अशा पद्धतीनं फॉर्म वाटू नका आणि मदतीची माहिती द्यायची तर ती सगळ्यांना सारखीच द्या, म्हणजे कुणी वेगळी उठून दिसणार नाही.

गाईडकडे जाण्याआधी एक काम करा. तुमच्या प्रश्नावलीतला प्रत्येक प्रश्न घ्या आणि त्याच्यापुढे लिहा: वर्तन, मत की संकेत? ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही, तो प्रश्न काढून टाका. पुढच्या लेखात उरलेल्या प्रश्नांपासून मापनश्रेणी कशी तयार करायची ते बघू.