स्पंजाची बोलकी बाहुली

कळसूत्री बाहुल्यांचा खेळ तुम्ही पाहिला असेल. निदान ऐकून तरी असाल. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तिथली ठाकर मंडळी लाकडी बाहुल्या दोऱ्यांवर नाचवतात. त्यांच्यातले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पण तशी बाहुली कोरायची तर लाकडावर हात बसलेला हवा आणि दोरे सांभाळायला वर्षांचा सराव हवा.

आपण वेगळ्या तऱ्हेची बाहुली करू. हिला दोरे नाहीत. हिच्या डोक्यात आपला हात असतो आणि हिचे हात दोन काड्यांनी हलतात. अमेरिकेत जिम हेन्सन नावाच्या कलावंताने १९५५ साली आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून असाच एक प्राणी शिवला. टेबल-टेनिसचा चेंडू मधोमध कापून त्याचे डोळे केले. पुढे तो बेडूक म्हणून टेलिव्हिजनवर जगभर गाजला. लाकडाचा चेहरा कोरला तसाच राहतो. मऊ चेहरा आतल्या बोटांबरोबर दबतो, फुगतो. म्हणून तो जिवंत वाटतो.

सामान घरातलेच आहे. अर्धा इंच जाडीचा स्पंज लागेल. दुकानात त्याला फोम म्हणतात. गादीवाल्याकडे त्याचे तुकडे मिळतात. चप्पल चिकटवायचे सोल्यूशन, नवे ब्लेड, पुठ्ठा, जुना स्वेटर आणि एक मोडकी छत्री घ्या.

माझे पहिले डोके फसले होते. स्पंज सपाट आणि डोके गोल. सपाटाचे गोल कसे करावे? मी नुसती गुंडाळी केली, तर डोक्याऐवजी पिंप झाले. आमच्या साक्षरता वर्गात शिवणकाम करणारी एक मावशी येत असे. ती वर्गात कधी मोठ्याने वाचत नसे. पाळी आली की पदर तोंडाशी धरून खाली बघायची. ती माझी फजिती पाहून हळूच म्हणाली, "गुरुजी, चोळीला टक घालतात तसं घाला की!"

बाईचे म्हणणे खरे होते. कापडाचा त्रिकोणी भाग काढून दोन कडा जोडल्या की कापड तिथे फुगते. पळसाच्या सपाट पानाला चुण्या घालून द्रोण करतो, तेही हेच.

म्हणून आधी वर्तमानपत्रावर बेत काढा. अठरा इंच लांब आणि साडेआठ इंच उंच पट्टी आखा. खालचे चार इंच तसेच सोडा. वरच्या साडेचार इंचात चार पाकळ्या काढा. प्रत्येक पाकळी तळाशी साडेचार इंच रुंद आणि वर टोकदार. तिच्या कडा बाहेरून फुगीर हव्यात. सरळ ठेवल्या तर डोके देवळाच्या शिखरासारखे निमुळते होते. राक्षसाला ते शोभेल, आजीला नाही.

बेत स्पंजावर ठेवून पेनाने आखा. कापताना कात्री घेऊ नका. कात्रीत स्पंज दबतो आणि कड तिरकी होते. ब्लेड उभे धरून कापा. दोन्ही कडांना सोल्यूशन लावा, पण लगेच जोडू नका. पाच-दहा मिनिटे थांबा. बोट लावले तर चिकट लागावे, पण बोटाला काही येऊ नये. मग कडेला कड लावून दाबा. एकदा चिकटले की सुटत नाही, म्हणून घाई करू नका. चार पाकळ्या वर मिळाल्या की उपडी वाटी तयार होते. पट्टीची दोन टोके मागच्या बाजूला जोडा. डोके झाले.

हे काम दारे-खिडक्या उघडून करा. सोल्यूशनच्या वासाने डोके गरगरते. चूल, दिवा, विडी जवळ नको. सोल्यूशन आणि स्पंज दोन्ही भडकन पेटतात आणि जळत्या स्पंजाचा धूर विषारी असतो. ब्लेड पोरांच्या हाती देऊ नका.

आता तोंड. सगळी बाहुली तोंडावर उभी आहे, तेव्हा इथे वेळ घालवा. डोक्याच्या पुढच्या बाजूला, खालच्या कडेपासून दोन इंच वर, साडेआठ इंचांची आडवी चीर द्या. साडेपाच इंच रुंदीचे गोल पुठ्ठ्यातून कापा आणि त्याचे मधोमध दोन तुकडे करा. दोन्हींवर मिळून एकच लाल कापड चिकटवा. मधली फट बोटभर ठेवा. तिथे कापडच बिजागरीचे काम करते. पुठ्ठ्याच्या पाठीला कापडी पट्टे लावा, वर चार बोटांसाठी आणि खाली अंगठ्यासाठी. मग पुठ्ठ्याची गोल कड चिरेच्या कडेला चिकटवा. हात आत घालून उघड-मीट करून पाहा. तोंड जड चालत असेल तर बिजागरीची फट कमी पडली आहे.

चेहऱ्यावर स्वेटरचे कापड चढवा. बेत तोच, फक्त शिवणीसाठी चहूकडे पाव इंच जास्त. डोळ्यांना बटणे चालतात. बुबुळे किंचित नाकाकडे झुकलेली ठेवा, म्हणजे बाहुली समोर बघते असे वाटते. अंगाला कोपरापर्यंत येईल असा झगा पुरे. बाह्यांत कापूस भरा आणि पंजे स्पंजाचे कापा. छत्रीच्या काडीच्या टोकाला भोक असते. त्यातून दोरा ओवून काडी बाहुलीच्या मनगटाला शिवा. तशाच दोन काड्या. उजवा हात डोक्यात आणि डाव्या हातात दोन्ही काड्या.

साडी आडवी बांधून तिच्यामागे उभे राहा. हात वर केला की बाहुली आभाळाकडे बघू लागते. मनगट पुढे वाकवा, म्हणजे ती माणसांकडे बघेल. बोलताना अंगठा खाली न्या. वरची चार बोटे उचलू नका, नाहीतर प्रत्येक शब्दाला डोके मागे जाते. शब्दाचे जितके तुकडे ऐकू येतात तितक्या वेळा तोंड उघडायचे. 'पा-णी' म्हणताना दोनदा. 'ग्राम-पं-चा-यत' म्हणताना चारदा. तुम्ही नुकतेच अक्षर-अक्षर जुळवून वाचायला शिकलात. शब्द फोडायची ती सवय इथे कामाला येते.

आमची बाहुली तयार झाली तेव्हा मावशींनी ती हातात घातली आणि साडीमागे गेल्या. बाहुलीच्या पुढ्यात आम्ही धड्याचे पान धरले. थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग बाहुलीचे तोंड उघडले आणि तिने ते पान वाचले. दोन ठिकाणी अडखळली, एक ओळ परत घेतली, पण पान पुरे केले. पोरे टाळ्या वाजवू लागली, तशी बाहुली त्यांच्यावर खेकसली, "अरे, गप बसा! अजून एक पान आहे!"

बाहुली उन्हात ठेवू नका. स्पंज पिवळा पडतो आणि पुढे त्याचा भुगा होतो. कापडी झगा धुता येतो, डोके धुऊ नका. डोके केव्हातरी नवे करावे लागतेच, म्हणून कागदी बेत टाकून देऊ नका. गुंडाळी करून आढ्याला अडकवा. त्यावर मापे लिहा, 'वर' आणि 'मागचा सांधा' असे लिहा. मावशी आजवर सगळी मापे डोक्यातच ठेवीत. या बेतावर त्यांनी स्वतः पेन्सिलीने अठरा, साडेआठ, साडेचार असे लिहिले. शेजारच्या वाडीतल्या बाया तो मागून न्यायला आल्या, तेव्हा मावशींनी त्यांना आधी कोपऱ्यात आपले नाव लिहिलेले दाखवले आणि मगच तो दिला.