भूल उतरताना

माझ्या मेव्हण्यांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले तेव्हा शुद्धीवर येताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "अजून किती वेळ ताटकळत ठेवणार आहात?" ऑपरेशन उरकून तेव्हा तास झाला होता! आमच्या शेजारच्या चार वर्षांच्या मुलाचे टॉन्सिल्स काढले, तर तो जागा झाला तोच आकांत करीत. आईने पोटाशी धरले आहे आणि पोर तिलाच ढकलून "आई पाहिजे, आई पाहिजे" म्हणून किंचाळते आहे! अर्ध्या तासाने तेच पोर आइस्क्रीम मागू लागले. आमच्या कॉलेजातल्या संस्कृतच्या बाई दोन दिवस ओकाऱ्यांनी बेजार झाल्या. आणि माझी आई... पण तिची हकीकत मागाहून सांगतो.

माणसे निरनिराळी असतात हे खरे. पण भुलेतून परत येण्याच्या वाटाही इतक्या निरनिराळ्या का असाव्यात?

मराठीचा मास्तर म्हणून आधी शब्दाकडे वळतो. सवयीला इलाज नाही. इंग्रजीत या अवस्थेला नाव हवे होते, तेव्हा १८४६ साली ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी ग्रीक भाषेकडे धाव घेतली आणि 'संवेदना नसणे' अशा अर्थाचा 'अॅनेस्थेशिया' हा शब्द सुचविला. आपण मात्र घरातलाच शब्द उचलला. 'भूल' म्हणजे चूक, भूल म्हणजे विसर, भूल म्हणजे मोहिनीसुद्धा. आणि मौज अशी, की आजचे शास्त्र या शब्दाच्याच बाजूने बोलते. वेदना नसणे, झोप लागणे, स्नायू सैल पडणे आणि घडले ते न आठवणे, ही चार निरनिराळी कामे आहेत. त्यांसाठी बहुधा निरनिराळी औषधे लागतात.

हा फरक कळत नव्हता म्हणून एका माणसाचे नशीब फिरले. जानेवारी १८४५ मध्ये होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने बोस्टनमध्ये विद्यार्थ्यांपुढे नायट्रस ऑक्साइड देऊन एकाचा दात काढला. रोगी ओरडला, विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. आपल्याला फारसे दुखले नाही असे त्या रोग्याने मागाहून सांगितले, पण ऐकतो कोण? पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, त्याच शहरात मॉर्टनने ईथर देऊन नाव कमावले. क्लोरोफॉर्मचा वाद तर आपल्याकडे हैदराबादेत रंगला. निजामाच्या पैशाने १८८८ आणि १८८९ साली दोन कमिशने बसली. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नव्हे, असा डॉ. लॉरी यांचा आग्रह होता. पुढे तो चुकीचा ठरला.

आता फरक का पडतो ते पाहू. पहिली गोष्ट वयाची. चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी भुलेच्या वायूची गरज सुमारे सहा टक्क्यांनी घटत जाते. नेमाने मद्य घेणाऱ्याला उलट जास्त औषध लागण्याचा संभव असतो, तेव्हा डॉक्टरांपुढे सोवळेपणा मिरविण्यात अर्थ नाही. ओकारीचे गणितही बसविलेले आहे. स्त्रिया, धूम्रपान न करणारे, ज्यांना बस लागते ते, आणि ऑपरेशननंतर ज्यांना अफूच्या जातीची वेदनाशामके द्यावी लागतात ते, यांना त्रास अधिक. (विडी ओढणाऱ्यांना कोठेतरी सवलत मिळते ती अशी!) प्रोपोफॉलने निजवलेला माणूस पुष्कळदा प्रसन्नपणे, गोड स्वप्न पाहून उठल्यासारखा जागा होतो, केटामिनने मात्र काहींना जागे होताना भलभलते भास होतात. दोन ते सहा वर्षांच्या मुलांचा तो आकांत डॉक्टरांच्या नित्य परिचयाचा आहे. तो बहुधा अर्ध्या तासात ओसरतो आणि मुलाला त्यातले काही आठवत नाही. आठवते ते आईला.

काही फरक रक्तातूनच येतात. मेलबर्नमध्ये एका एकवीस वर्षांच्या तरुणाचा पाय मोडला. त्याला मोडलेल्या पायापेक्षा भुलेची धास्ती अधिक, कारण त्याचे दहा नातेवाईक ईथरची भूल घेऊन दगावले होते. डॉक्टरांनी तेव्हा नवे असलेले हॅलोथेन दिले. दहा मिनिटांत अंग तापले, रक्तदाब उतरला. भूल बंद करून त्याला बर्फात ठेवले म्हणून तो वाचला. १९६० साली ही हकीकत प्रसिद्ध झाली आणि हा आनुवंशिक दोष जगाला कळला. आज त्यावर डँट्रोलीन हे औषध आहे. आपल्या घरात कोणी भुलेखाली दगावले होते काय, हा प्रश्न डॉक्टर उगीच विचारीत नाहीत.

ऑपरेशन चालू असताना जाग आली तर? ब्रिटन-आयर्लंडमधील मोठ्या पाहणीत (२०१४) अशी तक्रार सुमारे एकोणीस हजारांत एकाची आढळली. आणि गुंगीत मनातली गुपिते बाहेर पडतील ही पुष्कळांची भीती? जागे होताना माणूस बरळतो, पण त्या बरळण्याची संगती लागत नाही. आमचे मेव्हणे या बातमीने निर्धास्त झाले; का, ते बहिणीने अजून विचारलेले नाही.

आता आईची गोष्ट. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची असताना न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यामुळे पाठीत इंजेक्शन न देता पूर्ण भूल द्यावी लागली. (पाठीतून दिली तरी वृद्धांचा पुढचा गोंधळ टळतोच असे नाही. २०२१ सालच्या दोन मोठ्या अभ्यासांत विशेष फरक दिसला नाही.) पहिल्या संध्याकाळी ती छान बोलली. दुसऱ्या रात्री मला "दादा" म्हणू लागली. दादा म्हणजे माझा मामा. तो जाऊन वीस वर्षे झाली. "दादा, गाडी चुकेल, बाबा रागावतील." मग सलाईनची नळी ओढू लागली, आणि मी हात धरला तेव्हा नर्सला म्हणाली, "ह्या माणसाला बाहेर काढा. हा आमच्यातला नाही."

मी व्हरांड्यात जाऊन बसलो. आई गेली, नुसते शरीर उरले, असेच मला वाटले.

सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी विचारले, "त्या झोपेची गोळी घेत होत्या का?"

"छे! आमच्या घरात तसले काही नाही."

"घरी जाऊन एकदा बघून या ना."

शिवणाच्या डब्यात, दोऱ्यांच्या रिळांखाली, गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या. वडील गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षे, ती रोज रात्री एक घेत होती. ती एकाएकी बंद झाली, त्यात मोडलेले हाड, वेदना, जागरण आणि परकी जागा. एवढ्यावर म्हातारा मेंदू गोंधळणारच, असे बाईंनी समजावले. नऊ वर्षे एका भिंतीपलीकडे तिला झोप येत नव्हती, आणि मी तिच्या मुलाने डॉक्टरांच्या फॉर्मवर 'इतर औषधे : नाहीत' असे बाणेदारपणे लिहून दिले होते!

गोळी बेताने पुन्हा सुरू झाली. चष्मा डोळ्यांवर आला, कानातले यंत्र कानात आले, समोर घड्याळ टांगले, दिवसा खिडकी उघडी, आणि उशाशी घरचे कोणी ना कोणी. तिच्याशी वाद घालायचा नाही, नुसते सांगत राहायचे : हे इस्पितळ, आज मंगळवार, मी तुझा मुलगा. चौथ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "तू कॉलेजला गेला नाहीस? रजा किती उरलीय तुझी?"

दादाची, गाडीची तिला काही आठवण नव्हती, आणि मीही काढली नाही. डब्याचे मात्र मी विचारले. थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "तुला कशाला सांगायचं? तू लगेच झोप सोडून बसला असतास."

परवा तिच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले. भूल फक्त डोळ्यापुरती, थेंबांची. डॉक्टरांनी औषधे विचारताच तिने पिशवीतून शिवणाचा डबा काढला आणि उघडून टेबलावर ठेवला.